मामांचा अर्धा मिलिमीटर

मामा चहा पीत होते की मशीनची पातळी बघत होते, हे मला पहिले तीन महिने कळलं नाही. नंतर कळलं की दोन्ही. आणि त्यानंतर कधीतरी असंही वाटून गेलं की दोन्ही नसेल, नुसती सवय असेल. या माणसाबद्दल माझं सगळंच असं आहे. एखादी गोष्ट समजली म्हणून मी निश्चिंत होतो आणि चार दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून घोळात पडतो. आता इतकी वर्षं झाली तरी तो घोळ सुटलेला नाही, म्हणून एकदा लिहून बघतो आहे.

तर तो चहा. सकाळी नऊला टपरीवरून चहा यायचा. बाकीचे लोक ग्लास हातात घेऊन दाराशी उभे राहायचे. मामा आपला चहा बशीत ओतायचे, ती बशी ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवायचे, आणि गुडघे वाकवून डोळे बशीच्या काठाला लावायचे. चहा हलायचा थांबेपर्यंत तसेच. एका बाजूला चहा काठाच्या जास्त जवळ दिसला, तर विडीच्या बंडलावरच्या कागदाची घडी करून मशीनच्या पायाखाली सारायची, पुन्हा बघायचं. चहा चारी बाजूंनी सारखा दिसला की मग बशी उचलून एका दमात पिऊन टाकायची. तोपर्यंत तो गार झालेला असायचा. कुणी म्हणालं, "मामा, पाण्याने बघा ना पातळी, चहा तरी गरम प्याल," तर म्हणायचे, "पाणी दिखत नही, चहा दिखस." हे उत्तर बरोबर होतं, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली, सुरतेतली. पांडेसऱ्याला कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आमचं वर्कशॉप होतं. पॉवरलूमचे सुटे भाग करायचं. पत्र्याची एक लांबोळी शेड, दोन लेथ, रॉड कापायची करवत, आणि कोपऱ्यात हे छोटं ड्रिल मशीन, टेबलावर मावणारं, उंचीला शिलाई मशीनच्या दीडपट. मी चोवीस वर्षांचा, नाशिकला डिप्लोमा केलेला, खिशाला पेन लावून हिंडणारा. शेठनी मला सुपरवायझर म्हणून ठेवलं होतं. माझ्याकडे एक नवंकोरं व्हर्नियर होतं, मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारं. ते मी मखमली डबीत ठेवायचो आणि दिवसातून चार वेळा उगाच पुसायचो.

पहिल्या दिवशी शेठनी सगळ्यांशी ओळख करून दिली. मामा तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. ठेंगणे, कानांवर केस, खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांना सगळेच मामा म्हणत.

"कोठला तू?" त्यांनी विचारलं.

"नाशिकचा."

"माय कोठली?"

"अमळनेरकडची."

एवढं ऐकलं आणि त्या माणसाने हात चिंधीला पुसले, खाली वाकले आणि आठ कामगारांच्या आणि शेठच्या देखत माझ्या पायाला हात लावला. मी दचकून दोन पावलं मागे सरलो. शेठ म्हणाले, "अरे, आ शुं करे छे?" मामा शांतपणे म्हणाले, "भाचा शे मन्हा."

खानदेशात ही रीत आहे. मामाने भाच्याच्या पाया पडायचं, भाच्याने मामाच्या नाही. आईच्या माहेरी लग्नाकार्यात मी हे पाहिलं होतं, पण ते सख्खे मामा होते. या गृहस्थांचं आणि माझं नातं एवढंच की माझी आई आणि ते एकाच तालुक्यातले. त्यांना ते पुरलं. त्या दिवसापासून मी त्यांचा साहेबही झालो आणि भाचाही, आणि दोन्हीपैकी नेमकं केव्हा काय असतो ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी काही सूचना केली की "व्हयी, भाचा," म्हणायचे. म्हणजे असेल, होईल. मी त्याला होकार समजत असे. मग जाऊन बघावं तर ते आपलं होतं तसंच करत असायचे.

त्यांचं काम भोकं पाडण्याचं. पण "भोक" हा शब्द ते वापरत नसत. ते "घर" म्हणत. "पिनले घर पाहिजे." गोल रॉडला आरपार भोक पाडणं वरवर सोपं वाटतं. प्रत्यक्षात ड्रिलचं टोक रॉडच्या गोल पाठीवर टेकलं की घसरतं, आणि सुरुवातीला केसभर सरकलं तरी खालून निघताना चांगलंच बाजूला निघतं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. मामांना ते कशातून माहीत होतं कोण जाणे. त्यांच्याकडे वर खाच असलेला एक लोखंडी ठोकळा होता. त्या खाचेत रॉड आडवा ठेवायचा. मग खिशातून एक जुनी पोलादी फूटपट्टी काढायची, आकडे पुसून गेलेली. ती रॉडच्या पाठीवर आडवी ठेवायची आणि मशीन बंद ठेवून ड्रिलचं टोक तिच्यावर हलकेच टेकवायचं. टोक रॉडच्या बरोबर मध्यावर असेल तर पट्टी आडवी, सरळ राहते. जरा इकडेतिकडे असेल तर ती लगेच कलते. कलली की मामा ठोकळ्याला अंगठ्याने इतकं बारीक ढकलायचे की ठोकळा हलला की नाही ते मला दिसत नसे. पट्टी मात्र सरळ व्हायची.

मला ही युक्ती फार आवडली. गंमत म्हणजे फूटपट्टी असूनही ते तिने काहीही मोजत नसत. एकदा मी ती मोजायला मागितली तर त्यांनी ती पटकन खिशात घातली आणि विचारलं, "तुन्ही माय कळण्यानी भाकर करस का आजून?" मी होय म्हणालो आणि मला काय मोजायचं होतं तेच विसरलो.

मग तेल. ड्रिल गरम होऊ नये म्हणून आम्ही ड्रमातलं दुधाळ पाणी वापरायचो. मामा घरून शेंगदाण्याचं तेल आणायचे, औषधाच्या बाटलीत. त्याचे थेंब सोडत सोडत, दर दोन दाबांनंतर ड्रिल वर उचलून लोखंडाचा कीस ब्रशने काढत, आधी बारीक ड्रिलने आणि मग मोठ्याने, असं ते काम चालायचं. लोखंड तापलं की त्या तेलाचा वास सुटायचा आणि अकरा वाजताच सगळ्या शेडला भुका लागायच्या. लेथवाले ओरडायचे, "मामा, भजी काढताय का?" मामा हसायचेही नाहीत.

एका रॉडला दोन भोकं लागत. दोन्ही एकाच दिशेने जायला हवीत, पिळलेली चालत नाहीत. त्यासाठी मामांनी खिडकीच्या गजाला ओळंबा टांगला होता, गवंडी वापरतात तो. पहिल्या भोकात एक लांब पिन उभी घालायची, एक डोळा मिटायचा आणि ती पिन ओळंब्याच्या दोरीशी जुळवायची. जुळली की रॉड आवळायचा आणि दुसरं भोक. म्हणून तर मशीन पातळीत हवं होतं, म्हणून तो चहा. हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय ते समजलं त्या दिवशी मी खोलीवर जाऊन आईला पत्र लिहिलं की इथे एक विलक्षण माणूस भेटलाय. पत्र टाकून आलो तर दुसऱ्या दिवशी मामा चहाची बशी लेथवर ठेवून वाकून बघत होते. लेथशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "आज चहा मशीनवर उकळस," म्हणजे तापलेल्या लेथवर नुसता चहा गरम करत होते. मी पत्र परत मिळतं का याचा विचार केला.

आता थोरल्याबद्दल सांगायला हवं. दोन भोकांमधलं अंतर मामा कधी मोजत नसत. त्यांच्याकडे एक जुना रॉड होता, लाल खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला. त्याला ते थोरला म्हणत. रोज सकाळी त्या थोरल्यावरून टेबलावर अडणी, म्हणजे रॉड जिथे टेकून थांबेल असा लोखंडी तुकडा, लावायची, आणि दिवसभराचे सगळे धाकटे त्या अडणीला टेकवून पाडायचे. संध्याकाळी प्रत्येक रॉड थोरल्याशेजारी ठेवून दोघांत पिना घालून बघायच्या. पिन आपल्या वजनाने हळूहळू खाली गेली पाहिजे, ढकलायची नाही. मामा त्या वेळी कान लावून ऐकायचे. मी शंभर वेळा कान लावला, मला काहीही ऐकू आलं नाही.

कडोदऱ्याला एका माणसाची चाळीस लूमची शेड होती. तिथे गेली अकरा वर्षं, मामा कामाला लागले तेव्हापासून, दर वर्षी आमचे रॉड जायचे, दर लूमला दोन. त्या वर्षी ऐंशी रॉडची ऑर्डर आली तेव्हा शेठनी मला कपाटातलं मूळ ड्रॉईंग काढून दिलं आणि म्हणाले, आता तू आहेस, नीट लक्ष ठेव. ड्रॉईंगवर दोन भोकांमधलं अंतर लिहिलं होतं, एकशेवीस मिलिमीटर.

जेवायच्या सुट्टीत मामा बाहेर डबा खात होते. मी खणाचा तुकडा सोडला आणि थोरला मोजला. एकशे साडेएकोणीस भरला. पुन्हा मोजला, तेवढाच. तिसऱ्यांदा व्हर्नियर पुसून मोजला. अर्धा मिलिमीटर कमी. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. चार महिने मी त्या माणसाच्या चहाभोवती आणि तेलाभोवती बावळटासारखा फिरत होतो, आणि शेवटी माझ्या हातात काहीतरी आलं होतं. मी तो रॉड घेऊन तडक शेठकडे गेलो.

शेठ शेडमध्ये आले. सगळे जमले. मी सगळ्यांसमोर ड्रॉईंग दाखवलं, व्हर्नियर दाखवलं, आणि शिकवणी घ्यावी तसा म्हणालो, "अकरा वर्षं यांचे सगळे रॉड अर्धा मिलिमीटर चुकीचे जातायत."

शेठनी मामांना विचारलं, "मामा, आ छोकरो साचुं बोले छे?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ड्रॉईंगकडे. मग म्हणाले, "व्हयी."

बस, एवढंच. भांडले नाहीत, कारण सांगितलं नाही. शेठनी त्यांना त्याच दिवशी ड्रिलवरून काढून करवतीवर बसवलं, रॉडचे तुकडे कापायला. अकरा वर्षं ज्या मशीनला मामांशिवाय कुणी हात लावत नव्हतं तिथे मी उभा राहिलो. माझी पद्धत अर्थात शास्त्रीय होती. पट्टीची युक्ती मात्र मी त्यांचीच वापरली, आणि पट्टी माझी, नवी, आकडेवाली. ऐंशी रॉड मी सहा दिवसांत पाडले. एकूण एक एकशेवीस. मामा करवतीवरून सगळं बघत होते. रोज सकाळी मी यायच्या आत ड्रिलचं टेबल पुसलेलं असायचं, आणि पायाखाली विडीच्या कागदाची नवी घडी असायची. मला वाटलं म्हातारा खचलाय. मग वाटलं, खचलेला माणूस असं करेल का?

टेम्पोत रॉड चढवताना ते जवळ आले. "भाचा, आधी दोनच धाड. लायी देख. मग बाकीना."

"मामा, ड्रॉईंगप्रमाणे आहेत. लावून काय बघायचं?"

"व्हयी," ते म्हणाले आणि करवतीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी कडोदऱ्याहून फोन आला. एकही रॉड बसत नव्हता. त्यांनी नवे रॉड घालायचे म्हणून जुने झिजलेले आधीच उतरवून भंगारात दिले होते, आणि चाळीसच्या चाळीस लूम उभे होते. शेठ फोन ठेवून माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी हळू होता, आणि तो हळू झाला की लोक घाबरायचे. म्हणाले, "तू जा, जोई आव. भूल कोनी छे ए मने कहे. जेनी हशे, ए कालथी अहीं नहीं." चूक ज्याची असेल तो उद्यापासून इथे नसेल. मी बसने कडोदऱ्याला गेलो. वाटेत मला एकच विचार, व्हर्नियर बिघडलं असेल का.

लूमची शेड मी पहिल्यांदाच बंद पाहिली. तिथला फिटर धुळ्याकडचा होता. त्याने मला एका लूमपाशी नेलं आणि बाजूची लोखंडी पट्टी दाखवली. तिला दोन खाचा, त्यांत आमच्या रॉडच्या दोन पिना बसायच्या. माझा रॉड एका खाचेत बसत होता, दुसऱ्यात अडत होता. अर्धा मिलिमीटर. मी खाचांमधलं अंतर मोजलं. एकशे साडेएकोणीस.

"तुमचे लूमच चुकीचे आहेत," मी म्हणालो.

फिटर हसायला लागला. मग त्याने विचारलं, "मामा बीमार शे का?" मी नाही म्हणालो. "मंग त्यास्नी काही सांगं नही का तुम्हले?"

त्याने जे सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी मामांनी पहिल्यांदा या शेडला रॉड पाठवले, आणि ते असेच बसेनात. फिटर आमच्या शेठकडे तक्रार घेऊन येणार, त्याआधीच मामा सायकलवर त्याच्या दारात हजर. म्हणाले, शेठला सांगू नका, मी करतो नीट. आणि मग सुट्टीच्या दिवशी, असे सलग पाच-सहा आठवडे, त्या माणसाने पांडेसऱ्याहून सायकल मारत येऊन चाळीस लूमच्या खाचा कानशीने घासल्या. आतून अर्धा मिलिमीटर घासायचं, बाहेरच्या बाजूने पत्र्याची पातळ पट्टी ठोकायची, रॉड बसवून बघायचा, पुढचा लूम. रॉड बदलण्याऐवजी त्यांनी लूम बदलले. पुढे खाचांच्या त्या लोखंडी पट्ट्याच झिजल्या तेव्हा फिटरने नव्या पट्ट्याही त्याच मापाने करून घेतल्या. म्हणजे आता त्या शेडमध्ये एकशेवीसचं काही उरलंच नव्हतं.

"असा माणूस पाहिला नव्हता," फिटर म्हणाला. "चहा विचारला तर बशीत मागे. आन् ती बशी लूमवर ठेये."

परत येताना बसमध्ये मला मामांचा प्रचंड राग आला होता, स्वतःची लाजही वाटत होती, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हसूही येत होतं. नेमकं काय वाटायला हवं तेच कळत नव्हतं. हा प्रामाणिकपणा म्हणायचा की फसवणूक? आपली चूक झाकण्यासाठी माणूस सहा सुट्ट्या सायकल मारतो, याला झाकणं म्हणतात का?

मी शेठकडे गेलोच नाही. आधी करवतीपाशी गेलो. दुपारची सुट्टी होती आणि मामा कापलेल्या रॉडच्या ढिगाशेजारी डबा उघडून बसले होते.

"तुम्ही त्या दिवशी बोलला का नाही?" मी विचारलं.

"भाचाले चार लोकेसमोर खोटा कसा पाडू?"

मला वाटलं, हे खरं कारण. मी म्हणालो, मामा, असली कसली रीत, तुमचं मशीन गेलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "आन् तू खोटा कोठे व्हता? एकशेवीसच खरं शे. मन्हं चुकनं व्हतं." खिशातून ती आकडे पुसलेली पट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. नखाने तिचं टोक दाखवलं. टोक झिजलेलं होतं. पहिल्याच ऑर्डरला, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, त्यांनी त्या टोकापासून मोजून थोरला केला होता. कळलं तेव्हा ऐंशी रॉड कडोदऱ्याला पोचले होते. घरी पोरं लहान, आणि शेठ तेव्हाही असेच हळू आवाजात बोलायचे. त्या दिवसापासून पट्टीने मोजणं बंद. आणि एकदा लूम घासल्यावर थोरला सुधारणंही शक्य नव्हतं, नाहीतर पुढच्या वर्षीचे रॉड बसले नसते.

"मग माझे ऐंशी जातायत हे दिसत असून...?"

"दोन धाड, अशे सांगं मी तुले."

हे तर सांगितलंच होतं. ते डबा धुवायला नळावर गेले, परत आले, झाकण लावताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरं सांगू का? तू मोजी काढं ना, ते माले बरं वाटनं. वाटनं, आते सुटका व्हयी."

आता या तीन उत्तरांतलं खरं कुठलं? भाचा होतो म्हणून गप्प राहिले, की माझं बरोबर होतं म्हणून, की त्यांना सुटायचं होतं म्हणून? मी तेव्हा विचारलं असतं तर चौथं मिळालं असतं. मी विचारलं नाही. कारण शेठ ऑफिसच्या दारात उभे होते आणि मला हाताने बोलवत होते.

ऑफिसमध्ये टेबलावर ड्रॉईंग पसरलेलं होतं. शेठनी एकच प्रश्न विचारला. "बोल. भूल कोनी?"

खरं सांगितलं तर मामा जाणार. नुसते जाणार नाहीत, अकरा वर्षं शेठना फसवलं आणि गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये चोरून कानस चालवली असा ठपका घेऊन जाणार. खरं नाही सांगितलं तर लूम उभे पाडणारा मी, म्हणजे मी जाणार. बहिणीचं लग्न ठरत होतं आणि मला ती नोकरी हवी होती. समोर तो कागद पडला होता. कुणी काढला होता कुणालाच माहीत नव्हतं, खालच्या कोपऱ्यातली सही वाचताही येत नव्हती.

"शेठ, ड्रॉईंगच चुकीचं आहे," मी म्हणालो. "मामांचा थोरला बरोबर होता. मी कागदावर विश्वास ठेवला."

"कागळ खोटो?" शेठनी चष्मा वर केला.

"हो. मी लूम मोजून आलोय. एकशे साडेएकोणीस."

शेठनी थोडा वेळ विचार केला. माणूस काढण्यापेक्षा कागद काढणं सोपं, हे त्यांनाही पटलं असावं. "तो सुधारी नाख," ते म्हणाले. "ने मामाने पाछा मशीन पर बेसाड." कागद दुरुस्त करून टाक आणि मामांना परत मशीनवर बसव. मी तिथेच ब्लेडने एकशेवीस हा आकडा खरवडला. जुना जाड कागद होता, सहज निघाला. त्या जागी माझ्या सुरेख अक्षरात एकशे साडेएकोणीस लिहिलं आणि खाली सही केली. मी हे मामांना वाचवायला केलं की स्वतःला, याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नसतं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी ते विचारलंही नाही.

ड्रॉईंग हातात घेऊन मी जवळजवळ धावतच शेडमध्ये आलो. मामांना ओढतच ड्रिलपाशी नेलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामांचंच बरोबर होतं! कागद चुकीचा होता!" लेथवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "आता भजी!" मी कागद मामांपुढे धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, खिडकीच्या उजेडात नेला. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, तिथून उजेड जास्त येत होता. त्यांनी त्या आकड्यावर अंगठा फिरवला. मला वाटलं होतं, हसतील, निदान "व्हयी" तरी म्हणतील. त्यांचा चेहरा असा पडला की टाळ्या आपोआप थांबल्या.

"मामा, तुमच्यासाठीच केलं," मी हळूच म्हणालो. "नाहीतर तुम्हाला काढलं असतं."

"माहीत शे," ते म्हणाले. कागद त्यांनी परत माझ्या हातात दिला, अगदी काळजीपूर्वक, घडी पडू न देता. "अकरा वरीस मी चुकीना रॉड कये. पण खरा आकडा कागदवर शे, हाई माले माहीत व्हतं. म्हणीसन करता येये." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस मला खरोखर काहीतरी विचारतो आहे आणि त्याला उत्तर हवं आहे.

"आते कोठे देखू, भाचा?"